सांताची दाढी ओढल्याबाबत

जबाब, दि. २७ डिसेंबर

मी, दत्तात्रेय गोविंद मोकल, वय ७२ वर्षे, धंदा – सेवानिवृत्त (एस.टी. वाहतूक नियंत्रक), रा. वरसे, ता. रोहा, जि. रायगड.

नूतन साळवी, रा. पेण, हिने माझ्याविरुद्ध दिलेल्या अर्जाबाबत समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी सरू हिच्यासह राहतो. मुलगा आदर्श डोलवीला कंपनीत शिफ्टमध्ये कामाला असून बायको आणि मुलगी किमया, वय ६, यांच्यासह तिकडेच राहतो. किमया मला रोज दिवेलागणीला व्हिडिओ कॉल करीत असे. कवितेची एक ओळ मी म्हणायची, पुढची तिने. शाळेतल्या कविता संपल्यावर मी स्वतः एक रचली. "शेंगा फुटल्या वालाच्या" हे मी म्हणायचे, "गोष्टी सांगू कालच्या" हे तिने. ही ओळ आम्हा दोघांखेरीज कोणास ठाऊक नव्हती.

डिसेंबर लागला आणि कॉल बंद झाला. सुनेला विचारले असता ती म्हणाली, "बाबा, त्याच टायमाला ऑनलाइन सांता असतो हो. ती हलतच नाय तिथून." सदर सांता पेणहून रोज लाइव्ह येतो, पोरांशी गप्पा मारतो, गाणी म्हणवून घेतो, असे समजले. मी फोनवर पाहिले. आवाजावरून ओळखला. तो हैबतराव साळवी, गणपतीच्या मूर्ती रंगवणारा, शाळेत माझ्या बाकावर बसणारा. अर्जदार नूतन ही त्याची सून. फोन तीच धरते. दाढी कापसाची होती, पण मूर्ती रंगवणाऱ्या हाताने लावलेली, त्यामुळे खरी वाटत होती, हे मी नाकारत नाही.

शाळेत कवितेच्या तासाला हैबतराव उभा राहून कविता म्हणे व मी बाकावरून ओळी पुरवी. शाबासकी त्याला मिळे. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

दि. २४ रोजी संध्याकाळी गडब गावी कापणी झालेल्या शेतात आम्हा जुन्या वर्गमित्रांची पोपटी होती. दरवर्षी असते. मडक्यात वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, वर भांबुर्डीचा पाला, मडके उपडे घालून भोवती पेंढा पेटवलेला. त्या वासासरशी शाळा सुटल्याची घंटा ऐकू येते, असे मी दरवर्षी म्हणतो. यंदा कोणी ऐकले नाही, कारण सगळे सांताभोवती होते. हैबतराव डगला घालून आला होता व तिथूनच लाइव्ह करणार होता. मला म्हणाला, "काय रे दत्त्या, तोंड का पाडलंस? तुला पण देतो गिफ्ट." नूतन म्हणाली, "काका, जरा सरका, फ्रेममध्ये येता."

मी सरकलो.

पोरे एकेक करून पडद्यावर येत होती. किमया आली. नवीन झगा घातलेला होता. हैबतराव हसून म्हणाला, "शेंगा फुटल्या वालाच्या..." किमया टाळी वाजवून म्हणाली, "गोष्टी सांगू कालच्या!" सर्वजण हसले. त्यानंतर ती म्हणाली, "सांता, मला काय पायजे ते मी कानात सांगणार." हैबतरावाने फोन कानाला लावला. ती बराच वेळ बोलत होती. तो डोळे मिटून "व्हय गो, व्हय" म्हणत होता.

त्या वेळी पोपटीची ठिणगी दाढीवर उडाल्याने मी दाढी ओढली. ती डिंकाने चिकटवलेली होती. हनुवटीस खरचटले ते त्यामुळे. मारहाण केलेली नाही.

फोन खाली पडला. त्यातून किमयाचा आवाज आला, "आजोबा, सोडा ना त्यांना!" मला वाटले पोरीचा सांता मी मोडला. म्हणून आदर्शला फोन करून चूक झाली म्हणालो. तो म्हणाला, "बाबा, तिला पहिल्या दिवसापासून ठावं हाय, हे पेणचे हैबत आजोबा म्हणून. ओळ पण तिनंच शिकवली त्यांना." म्हणजे माहीत असूनही तिने त्याच्याच कानात सांगितले. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

आज ठाण्याबाहेरच्या बाकावर हैबतराव भेटला. हनुवटीला पट्टी होती. काय मागितले पोरीने, असे मी विचारले. तो म्हणाला, "सांताच्या कानातलं बाहेर काढायचं नसतं, दत्त्या. एवढा तरी नियम पाळू दे." आणि बाकावर सरकून मला जागा दिली. मी उभा राहिलो.

माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही. फक्त त्याचा जबाब होईल तेव्हा हा एक प्रश्न त्यास विचारावा, अशी विनंती केली. लिहून घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, असे विचारता येत नाही.

वरील मजकूर मॅडमनी मोठ्याने वाचला व मी ऐकला. "ठिणगी दाढीवर उडाल्याने" हे शब्द ऐकल्यावर मी त्यांना थांबविले आणि तेवढे खोडण्यास सांगितले. आग बरीच लांब होती. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही/-
(द. गो. मोकल)