एसीची जाळी आणि नानांची छाती

तुम्ही एसीचा विषय काढलात म्हणून आमच्या नानांचं सांगते. नाना म्हणजे माझे सासरे. त्यांचं उभं आयुष्य धुळ्यातल्या एका कापसातली सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात गेलं. ऐन मे महिन्यात आमचा एसी नुसता घरघर करायला लागला, गार वारा काही येईना. नाना उकाड्याने कासावीस झाले. शेवटी मी स्टुलावर चढले, पुढचं झाकण उघडलं आणि आतली जाळी बाहेर काढली. तिच्यावर धुळीचा असा थर होता, की बोटाने उचलला तर गोधडीसारखा अख्खा निघून हातात आला!

नाना बघतच राहिले. "हाई बठ्ठं हवामा व्हतं?"

"हो नाना, हे सगळं हवेतच होतं. जाळीने अडवलं, नाहीतर आपल्या छातीत गेलं असतं. दर पंधरा दिवसांनी धुवायला हवी ती."

जाळी धुऊन, वाळवून परत बसवली. खोली गारेगार झाली, पण नाना आपल्या छातीवर हात ठेवून बसलेले. मग मोठ्या नवलाने म्हणाले, "पोरी, जिनमा तर समोरना मानूस दिखे नही, इतला कापूस उडे. हाई मनी छाती कोनी कधी धुई नही. तरी चालू शे!"