बाबांचं नाक उघडलं

अरे, आमच्या बाबांचा श्रावण म्हणजे कडक! घरात मासळी नाही म्हणजे नाही. पण नाकात पॉलिप, म्हणजे मऊ गाठी वाढल्या आणि त्यांना वास येईनासा झाला. मग काय, श्रावणातसुद्धा आम्ही बिनधास्त सुके बोंबील भाजायचो. स्प्रेने भागेना, म्हणून यंदा परळला दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. पंधरा दिवसांनी आईने सवयीने बोंबील भाजायला घेतले, तर बाबा पूजेवरून ताडकन उठले.

"श्रावणात बोंबील?"

आई शांतपणे म्हणाली, "अहो, ऑपरेशननंतर असे भास होतात."

बाबांनी थेट डॉक्टरांना फोन लावला, तोही स्पीकरवर. "डॉक्टर, मला बोंबलाचा वास येतोय!"

"अभिनंदन काका! भाजलेले की तळलेले, तेही कळतंय?"

बाबा आईकडे बघत म्हणाले, "भाजलेले."