शिवणीतली माया

(टेलरिंगचं दुकान. शटर अर्धं खाली. कापायच्या टेबलावर खडूनं मांडलेले आकडे.)

मास्तर : …आणि माझ्या पंच्याहत्तराव्या वर्षी पैसे संपले की आपणही संपलो. हिशेब कसा चोख बसलाय, बघ!

बायको : आपण म्हणजे कोण कोण?

मास्तर : तू नि मी. आणखी कोण आहे या दुकानात?

बायको : तुम्ही पंच्याहत्तर, म्हणजे मी सदुसष्ट. सदुसष्टाव्या वर्षी मी का मरायचं? मला काय धाड भरलीय?

मास्तर : अगं, तुला कुणी मर म्हणतंय का? आकड्यात तसं बसतंय.

बायको : आकड्यात आटोपलंत की मला! निदान एकदा विचारायचं तरी.

मास्तर : आधी ती कात्री खाली ठेव. हे बघ, जन्मभर मान मोडून शिवलं. आता दुकान बंद करायचं, मशिनी विकायच्या, येतील ते पैसे बँकेत. व्याज खायचं, थोडं थोडं मुद्दल खायचं. पहिल्या तारखेला मी रिटायर! मशिनवाल्याला शब्दसुद्धा दिलाय.

बायको : माझ्या मशिनचाही?

मास्तर : दोन्ही असल्या तरच बरा भाव देतो म्हणाला.

बायको : वा! आणि माया किती ठेवलीत?

मास्तर : जमवली ती सगळी माया या टेबलावर मांडलीय. दडवून काही ठेवलं नाही गं, आईशप्पथ!

बायको : ती नव्हे हो, शिवणीतली! गिऱ्हाइकाच्या पँटला दोन बोटं माया सोडता, उद्या पोट सुटलं तर उसवायला. त्या वकीलसाहेबांची तर तीनदा उसवलीत. आणि बायकोच्या म्हातारपणाला बोटभरही नाही? मापात कापून मोकळे?

मास्तर : कापडच तेवढं होतं.

बायको : माझी आई नव्वदीला आलीय. परवा तिनं गॅसवाल्याला भांडून रडवलं. आमच्याकडच्या बायका लवकर जात नाहीत.

मास्तर : ते मी भोगतोच आहे.

बायको : भोगा! पण तुमच्या मागं मी काय खायचं? हा खडू?

मास्तर : पोरगी आहे की आपली.

बायको : तिथं तिची सासू आधीच ठाण मांडून बसलीय. एका टीव्हीवर दोघी कशा राहायच्या? खरं सांगा, माझी पुढची वर्षं धरलीच नाहीत ना?

मास्तर : धरली होती.

बायको : मग कुठायत?

मास्तर : पुसली. ‘मी नाही, ती एकटी’ असं लिहायला घेतलं आणि हातच चालेना. सकाळी चहाला तू एकटीच बसणार… मला नाही सहन झालं. म्हणून दोघांना एकदमच संपवलं.



 

बायको : मशिनवाल्याला फोन लावा. सांगा, एकच विकायचीय. तुमची.

मास्तर : कमी भाव देईल तो.

बायको : देऊ दे. रिटायर तुम्ही व्हा, मी नाही. माझ्या मशिनवर घर चालेल. मुद्दलाला हात लावायचा नाही, ते माझ्या नव्वदीला.

मास्तर : आणि मी दिवसभर काय करू?

बायको : काजं करा, बटणं लावा. माझ्या हाताखाली.

मास्तर : पगार?

बायको : आधी काम बघते.

मास्तर : मस्करी नाही गं. हल्ली डोळ्यांनी दगा दिलाय. सुईचं भोकच दिसत नाही मला. म्हणून तर बंद करायला निघालो होतो.

बायको : एवढंच ना? सकाळी दहा सुया ओवून ठेवत जाईन.