खडूचे दात

नाही, आता बोलायचं नाही, बाई. आत्ताच सुई दिलीय, जीभ जड होईल, बोलायला जाल आणि स्वतःलाच चावाल. आ असाच राहू द्या — छान. हा कापूस गालात, आणि ही नळी ओठाला अडकवतो — थुंकी ओढते ती, घोरल्यासारखा आवाज करते, लक्ष देऊ नका. आता दहा मिनिटं थांबायचं, दाढ बधिर होईपर्यंत. आणि या दहा मिनिटांत मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय — खरं सांगू का? म्हणूनच सुई आधी दिली. म्हणजे द्यायची होतीच, दाढ तुमची किडलेली आहेच, एक्स-रे दाखवतो हवं तर — पण जरा घाईनं दिली. कारण मगाशी खुर्चीत टेकता टेकता तुम्ही काय म्हणालात? वर्गातल्या मिरीला जोडीदार आणला. तिच्यासारखाच गिनी पिग, तसाच ठिपक्याठिपक्यांचा, शोधून शोधून आणला, मुलं नुसती खूश. तेव्हा माझ्या हातातून आरसा पडला, तो दाताचा चिमुकला — आणि तुम्ही म्हणालात, हात थरथरतात वाटतं, डॉक्टर. हात नाही थरथरत, बाई. पंचवीस वर्षांत नाही थरथरले. तो जोडीदार आज वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायचा. इथून शाळेत गेल्या गेल्या, पर्स खाली ठेवायच्या आधी. का ते सांगतो. भुवया उंचावू नका, जबडा आखडतो.

मिरी वर्गात आमच्याकडूनच आली, आठवतं ना — मुलीच्या हाती पाठवली होती मी, बुटांच्या खोक्यात, वर भोकं पाडून. आमच्याकडे आधी नुसती मिरीची आई होती. काळं अंग आणि त्यावर पांढरं शिंपडलेलं, कुणीतरी पीठ चाळताना शिंकावं आणि ही नेमकी खाली बसलेली असावी, तशी. तिला एकटं वाटतं म्हणून नर आणायचा ठरलं. मुलगी म्हणाली, कुठलाही आणा, बाबा. कुठलाही? माझा धंदा काय, बाई? जुळवणं! एक दात बसवायचा तर शेजारच्या दाताशी रंग जुळवायला माझ्याकडे सोळा छटांची पट्टी आहे, ही बघा, आणि मी कुठलाही आणू? चार दुकानं फिरलो. चौथ्यात मिळाला — हुबेहूब, तसाच शिंकलेला. दुकानदार म्हणाला, नातेवाईक आहेत का हो? म्हटलं, आज नाहीत, होतील! घरी आणल्यावर आमची ही म्हणाली, लग्न जमवताय की बत्तिशी? पण मला काय कौतुक, काय कौतुक. येईल त्या पेशंटला फोटो दाखवायचो. तुम्हालाही दाखवला — मान हलवू नका — दाखवला होता, तुम्ही विसरलात.

मग पिल्लं झाली. किती झाली म्हणून सांगितलं होतं मी तुम्हाला? तीन. एक काळं कुळकुळीत, ते मेव्हणीकडे गेलं. दोन ठिपकेदार, त्यातलं एक आमच्याकडे, एक तुमची मिरी. तीन. तर, बाई — चार झाली होती. चौथं पांढरं. गिनी पिगची पिल्लं कशी असतात, तर जन्मतःच डोळे उघडे, अंगावर केस, तोंडात दात — दात घेऊन जन्माला येतात, मला या जातीबद्दल पहिल्यापासून आदर आहे तो त्यामुळेच. आणि हे चौथं — डोळे मोहरीएवढे, तेही मिटलेले. टाळी वाजवली तर तिघं टुणकन उडाली आणि हे जागच्या जागी. मग मी तोंड उघडून बघितलं. सगळ्यांत आधी तेच बघायला हवं होतं मी, नाही का, पण मी ते शेवटी बघितलं. खालचे पुढचे दात नाहीत. वरचा एक, तोही कुंपणातून रस्त्यावर डोकावणाऱ्या फांदीसारखा बाहेर. दाढा आत कलंडलेल्या, जिभेवर.

जनावरांचा डॉक्टर माझा शाळेतला दोस्त आहे. त्यानं पिल्लू पाहिलं, मग आईबापांचा फोटो पाहिला, आणि चष्मा काढून म्हणाला, "दोन ठिपकेदार कोण जुळवतं रे, गाढवा? एक ठिपकेदार घेतात आणि एक साधं." म्हणजे कसं, की तो ठिपक्यांचा गुण एका बाजूनं आला तर शोभा. दोन्हीकडून आला, की चारांत एखादं असं निघतं — आंधळं, बहिरं, दातांचा पत्ता नाही. सासूनंही मीठ घातलं, सुनेनंही मीठ घातलं, दोघींचा हात चांगला, पण भाजी कुणाला तोंडात घालवेना. दोस्तानं विचारलं, ठेवायचं की कायमचं झोपवायचं? मी मुलीकडे बघितलं. ती बोलते कमीच, तुम्हाला माहीतच आहे — तिनं ते पिल्लू उचललं आणि आपल्या स्वेटरच्या बाहीत सरकवलं. कोपरापर्यंत. संपला विषय.

टोचतंय का इथे? नाही? मग सुरू करतो. मोठा आ. आवाज होईल थोडा.

तुम्ही दचकलात बघा आवाजाला, सगळेच दचकतात. माझा एकच पेशंट असा आहे जो दचकत नाही — त्याला सुई दिसत नाही, ड्रिल ऐकू येत नाही. आदर्श पेशंट! तेच पांढरं पिल्लू — खडू नाव त्याचं. मागच्या दाढा दोस्तच घासून देतो, दर तीन आठवड्यांनी, भूल देऊन, ते माझं काम नव्हे. पण तो वरचा वाकडा दात मी बघतो, दर मंगळवारी दुपारी — नाही हो! हे त्याचं हत्यार नाही! त्याचं वेगळं आहे, लाल चिकटपट्टी लावलेलं, वेगळ्या डब्यात. डोळे एवढे मोठे करू नका. ही पट्टी गुलाबी आहे, बघा, गुलाबी. लालात आणि गुलाबीत मला नाही कळणार तर कुणाला कळणार.

थांबा हं, पाणी मारतो. — हो, ती शिट्टी ऐकलीत ना? तोच तो. मागच्या खोलीत असतो दिवसभर, औषधांच्या कपाटाखाली, कारण त्याला दर तीन तासांनी भरवावं लागतं. गोळ्यांचा चारा कोमट पाण्यात भिजवून त्याची पेज करायची, ती सुई नसलेल्या सिरिंजनं गालाच्या कडेनं सोडायची, थेंबथेंब, घाई केली तर ठसका लागतो. रोज वजन. आमच्या स्वयंपाकघरातला काटा त्यातच गेला, आमची ही आता पीठ अंदाजानं घेते आणि काही बिघडलं की म्हणते, तुमच्या नातवाला विचारा. उचलायच्या आधी त्याच्यासमोर जमिनीवर दोनदा बोट आपटायचं — ऐकू नाही येत, पण पायांना कळतं — आणि मग हात नाकापुढे धरून थांबायचं. वास घेतो, ओळख पटली की पुढे येतो. एकदा मी न आपटता उचललं घाईत, तर इतका घाबरला की अर्धा दिवस काही खाल्लं नाही. आणि ओरडतो किती! स्वतःला ऐकू येत नाही म्हणून सगळ्यांत मोठ्यांदा, तुमच्या मुख्याध्यापकांसारखा. हसू नका, हसू नका, ड्रिल आहे आत.

पाच महिन्यांचा झाला. दोस्त म्हणाला होता, पंधरा दिवस काढले तर नशीब.

लपवलं कशाला? हेच विचारायचंय ना तुम्हाला, डोळ्यांतच दिसतंय. अहो, त्या दिवशी घरी आलो तर दारातच शेजारी भेटले, किती झाली पिल्लं? माझ्या तोंडून निघून गेलं — तीन. एकदा तीन म्हटलं की तीनच. दाताच्या डॉक्टरच्या घरी बिनदाताचं पोर, आणि तेही मी स्वतः पट्टी लावून जुळवलेलं! लोकांनी दवाखान्यावर पाटी लावली असती. मुलीला म्हटलं, शाळेत तीनच सांग, उगीच चर्चा नको. ती म्हणाली, बरं. तिचं काय, ती सगळ्याला बरं म्हणते. फक्त ज्या दिवशी तुमच्या वर्गात मतदान झालं, साधा आणायचा की ठिपकेदार, आणि सगळ्यांनी हात वर करून मॅचिंग, मॅचिंग केलं, त्या दिवशी ती घरी आली ती जेवलीच नाही, नुसती —

हं. हो. मतदानाच्या दिवशी.

बरोबर पकडलंत, बाई. तोंडात कापूस असूनसुद्धा पकडलंत. म्हणजे मला आज नाही कळलं. मला तेव्हापासून माहीत आहे. तिनं दप्तर ठेवलं आणि म्हणाली, बाबा, आज मी हात वर केला नाही. कुठल्याच बाजूला केला नाही. केला असता तर का ते सांगावं लागलं असतं. आणि तुम्ही तिच्या डायरीत शेरा मारलात — "वर्गाच्या कामात उत्साह दाखवत नाही" — सही करायला माझ्याकडेच आला तो. मी सही केली. खाली तारीख घातली, व्यवस्थित. तुमची चूक नाही, तुम्हाला काय दिसलं, एक मुलगी हात मांडीखाली दाबून बसलीय. मी म्हटलं, अगं, मादी आणतील कदाचित. दोन माद्या असल्या तर काय बिघडतं? दुसऱ्या दिवशी विचारलं, मादी आणली ना? तर ती म्हणाली, तुम्ही विचारा ना बाईंना. म्हटलं, दाढेला येणारच आहेत, तेव्हा विचारीन. मग तुम्ही ती तारीख दोनदा पुढे ढकललीत. लोक दाताला घाबरून पुढे ढकलतात, मला काय बरं वाटायचं प्रत्येक वेळी! आज आलात आणि आल्या आल्या म्हणालात, नर आहे, भारी रुबाबदार आहे.

आता भरतो. हे सिमेंट, चव घाण आहे, गिळू नका. चावू नका अजून.

एक मिनिट, मी त्याला आणतो. नाही, तुम्ही बघाच. — हा बघा. हा खडू. थांबा, आधी खुर्चीच्या हातावर दोनदा बोट आपटा. जोरात. हां. आता हात नाकापुढे. घाबरू नका, चावणार कशानं? — बघितलंत! माझ्याकडे यायला त्यानं आठवडा लावला होता. बसला की मांडीत. असू द्या, असू द्या, ओलं झालं तरी बिब आहे तेवढ्यासाठीच. आमच्याकडे लहान मुलांनाही तेच सांगतो आम्ही.

आता बोटांनी सांगा. किती झाले, नर आणि मिरी एका पिंजऱ्यात आल्याला? तीन. तीन दिवस ना? — मान हलवू नका, बोटांनी सांगा. आठवडे?

तीन आठवडे.

नाही, नाही, उठू नका. वेगळं तर करायचंच, पण आता धावून फायदा नाही. त्यांच्यात नऊ-दहा आठवडे लागतात. म्हणजे सहा-सात उरले. काही नसेलही. असलं तरी सगळी तशी नसतात, चारांत एखादं, आणि कधी एकही नाही. आणि निघालंच पांढरं, तर — ऐका, ते माझ्याकडे येणार. कपाटाखाली दोघांना जागा आहे. दर मंगळवार मोकळा आहे. त्याचा दोष तुमच्यावर नाही, वर्गावर नाही, पहिला जुळवणारा मी आहे. मुलांना फक्त आधी सांगून ठेवायला हवं, नाहीतर कुणीतरी सकाळी पिंजऱ्यात बघेल आणि घाबरेल. आमची मुलगीच सांगेल की. तिच्याकडे वही आहे, रोजचं वजन, पेज किती घेतली, कोणत्या दिवशी ठसका लागला, सगळं लिहिलेलं, तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिला पुढे बोलवा आणि म्हणा, चल, सगळ्यांना —

काय? पेन? हे घ्या. थांबा, दोन मिनिटांत बोलता येईल की — बरं, बरं, या पाकिटावर लिहा. एक्स-रेचं आहे, चालेल. खडूला धरतो मी.

"उद्या. तिसरा तास. खडूला घेऊन."

हो. येतो.

"ती नाही. तुम्ही सांगायचं. फळ्याजवळ उभं राहून."

थांबा, खडूला खाली ठेवतो.

हो, बाई.

चूळ भरा. दोन तास काही खाऊ नका, गाल चावला जाईल. बिब राहू द्या, मी काढतो. — जिना ओला आहे, सांभाळून.

काय गं, काउंटर सोडून आत आलीस? हो, गेल्या त्या. नको, पुढच्यांना आत पाठवू नकोस. पाच मिनिटं थांबायला सांग. नाही, झालं काही नाही. थांबायला सांग.