रिदाचे मामा म्हणून दोन शब्द

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या वस्तीचे प्रमुख बाह क्लेरेन्स मावरोह. ज्यांच्या प्रार्थनेने मघाशी सुरुवात झाली ते पाद्री विलबर्ट साहेब. रिदाच्या श्रोता मंडळाच्या अध्यक्षा आणि आपल्या सगळ्यांना टपरीवर वर्षानुवर्षं चहा आणि जादोहचा भात वाढणाऱ्या काँग ऐदा. व्यासपीठावर खुर्ची न मिळाल्यामुळे तोंड पाडून पहिल्या रांगेत बसलेले माझे बँडमधले जुने सोबती बाह दोनबोक. माझी धाकटी बहीण, रिदाची आई फ्लोरिंडा. जमलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो. आणि जिला निरोप द्यायला आपण आलो आहोत ती माझी भाची रिदालिन खारशांडी,

सर्वांना माझं खुब्लेइ.

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने माझी ओळख 'रिदाचे मामा' अशी एका दमात करून दिली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. या हॉलमध्ये मला इतक्या टाळ्या यापूर्वी कधी पडल्या नव्हत्या. माझं नाव स्केम खारशांडी. आत्ता जिथे शाल आणि फुलं ठेवली आहेत तिथे माझा अँप ठेवून मी तीस-पस्तीस वर्षं गिटार वाजवली आहे. तेव्हा टाळ्यांपेक्षा ताटांचा आवाज मोठा असायचा. असो. आजचा दिवस माझ्याविषयी बोलण्याचा नाही, असं फ्लोरिंडाने मला घरून निघताना बजावलं आहे आणि वाटेत पुन्हा एकदा बजावलं आहे.

खरं तर या कामाला माझ्याइतका नालायक माणूस अख्ख्या शिलाँगमध्ये सापडला नसता. पण रीत ती रीत. घरातली सगळ्यांत धाकटी मुलगी घर सोडून निघणार असेल, तर मामाने चारचौघांत शब्द दिल्याशिवाय तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. घर तिचं, चूल तिची, म्हातारी माणसं तिची. ती गेली तर मागे काय, हे मामाने सांगायचं. तो शब्द मी अजून दिलेला नाही. हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, म्हणून तर पानसुपारी गालात तशीच धरून सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत. केक कापून झाला, शाल पांघरून झाली, मुलांनी निरोपाचं गाणं म्हणून दोन-तीन बायकांना रडवलं, आणि मुलगी जायची की नाही तेच ठरलेलं नाही! असा निरोप समारंभ दुसऱ्या कुठल्या वस्तीत होतो का, अध्यक्षमहोदय?

तेव्हा एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला रिदाचा हेवा वाटतो. नाही, पाद्रीसाहेब, बसा, बसा. तुम्ही रविवारी विचारलं असतंत तर रविवारीच सांगितलं असतं. आणि हा साधासुधा हेवा नाही. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली की आपण 'वा, रंग छान आहे' म्हणतो आणि चहा कडू लागतो, तेवढ्यावर हे भागत नाही. माझ्या पोटात अक्षरशः दुखतं.

का दुखू नये? आमच्या 'हिल थंडर' बँडचं ब्रीदच होतं: 'जसंच्या तसं'. परदेशी तबकडीवर गायक जिथे खोकला असेल, तिथे आमचा गायकही खोकायचा. हसू नका, त्या खोकल्याची आम्ही तालीम करत असू! लोक म्हणायचे, "बाह स्केम, डोळे मिटले तर फरकच कळत नाही हो." ही आमची पदवी होती आणि ती मिळवताना माझी बोटं सोलून निघाली आहेत. बाह दोनबोक, मान हलवू नका, तुमचीही निघाली आहेत.

आणि मग रिदाने काय केलं? घराच्या मागच्या खोलीत बसून 'चुलीपाशी' नावाचा अल्बम केला. गिटारच्या तारा ढिल्या करून त्यांवर चमचा फिरवला. आपल्या तीरच्या मैदानावर बाण निशाणात घुसतात, तो धपधप आवाज ड्रमच्या जागी बसवला. आईच्या अडकित्त्याची कटकट घेतली. वर स्वतः कानात काही सांगावं तसं गायली, आणि ऐकणारा जरा पुढे वाकला की सगळे आवाज एकदम त्याच्या अंगावर घातले. पहिल्यांदा माझ्याकडेच घेऊन आली होती. "मामा, ऐकतोस?" मी ऐकलं. म्हटलं, "छान आहे. आता तारा नीट लावून घे, मग पक्कं करू."

ती म्हणाली, "मामा, हे पक्कंच आहे."

मी मनात म्हटलं, घ्या, झालं. हे या गावात कोण ऐकणार? पिकतं तिथे विकत नाही, असं आपली जुनी माणसं म्हणून गेलीत. मी निर्धास्त होतो. पण काँग ऐदांनी एके दिवशी टपरीवरची प्रेमगीतं बंद केली आणि 'चुलीपाशी' लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. मी चहा प्यायला गेलो तर टपरीत पाय ठेवायला जागा नाही आणि कुणी बोलत नाही. मी म्हटलं, "काँग ऐदा, चहा." तर चार जण एकदम वळून म्हणाले, "शू!" मला! माझ्याच गल्लीत!

पुढे त्या बाणांच्या गाण्याची गंमत तर तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. बाह रॉस्टरवेलना वाटलं की गाण्यात आकडा दडलेला आहे. त्यांनी धपधप मोजली, तीरवर, म्हणजे किती बाण निशाणात लागतील त्या पैजेवर, तोच आकडा लावला, आणि तो लागला! झालं! ज्यांनी जन्मात चर्चच्या गाण्यांपलीकडे काही ऐकलं नव्हतं ते सगळे म्हातारे टपरीवर कान लावून बसायला लागले. मला वाटलं, चला, बरं झालं, हे आकड्याचं वेड आहे, ओसरेल. आकडा परत काही लागला नाही. पण म्हातारे उठेनात. बाह रॉस्टरवेल मला म्हणाले, "आकडा जाऊ दे रे स्केम. ते बाण थांबतात ना, आणि पोरगी एकटी उरते ना, तिथे मला माझी आई आठवते." मंडळी, हे कोण म्हणतंय बघा. माझं वादन ऐकून या गृहस्थांना आजवर फक्त भूक आठवली होती.

मग मी आपल्या गावातला प्रत्येक माणूस करतो तेच केलं. चांगलं गाणं कानावर पडलं की आपला पहिला प्रश्न काय असतो? "हे कुणाचं?" म्हणजे मूळ कुणाचं. कुठल्यातरी दूरच्या शहरातल्या बँडचं असणारच, आपल्या पोरांनी ते फक्त उचललेलं असणार, याबद्दल आपल्याला तिळमात्र शंका नसते. मीही चहाच्या प्रत्येक टपरीवर सांगत सुटलो, "उचललेलं आहे, थांबा, मूळ शोधून दाखवतो." बाह दोनबोकांचं घर म्हणजे तबकड्यांचं गोदाम. आम्ही दोघं तिथे ठाण मांडून बसलो. एक तबकडी ऐकायची, मग पुन्हा 'चुलीपाशी' ऐकायचा, मग दुसरी तबकडी. असे किती दिवस गेले कोण जाणे. शेवटी दोनबोक म्हणाले, "स्केम, हे कुणाचंच नाही."

मी म्हटलं, "नीट ऐक."

"नीट ऐकतोय म्हणूनच सांगतोय. आणि आता जरा गप्प बस, पुढचं गाणं माझं आवडतं आहे."

तेव्हापासून हे गृहस्थ श्रोता मंडळाचे खजिनदार आहेत. आज त्यांच्या छातीवर कुणाचं चित्र छापलंय ते आपण सगळे बघतोच आहोत. 'हिल थंडर'चा शर्ट त्यांच्या घरी पाय पुसायला आहे. मी डोळ्यांनी पाहिलाय.

मग बाहेरगावची मुलं यायला लागली. जोवाईहून, तुऱ्याहून, थेट आयझॉलहून. आमच्या जिन्यावर बसायची, दार उघडलं की उभी राहायची. एक मुलगी मला म्हणाली, "तुम्ही रिदाचे मामा ना? मामा, तो अडकित्ता बघायला मिळेल का हो?" फ्लोरिंडाच्या अडकित्त्याला हात लावायला रांग! त्याच खोलीत माझी गिटार भिंतीला टांगलेली आहे. त्या मुलीने तिच्यावर छत्री अडकवली.

आणि याच हॉलमध्ये तुमच्या त्या बैठका. दिवे बारीक करून शंभर माणसं मांडी घालून अख्खा अल्बम ऐकतात. कुणी कुजबुजत नाही, कुणी सुपारी फोडत नाही. मी दाराशी उभा राहून बघायचो. त्या काळोख्या अंगणासारख्या शांततेत बसलेली ही माणसं कोण आहेत, असं मला व्हायचं. हीच ना ती, माझं वाजवणं चालू असताना 'भात आणखी आहे का' म्हणून ओरडणारी? अशी शांतता या माणसांजवळ होती, तर इतकी वर्षं ती त्यांनी कुठे ठेवली होती? मला त्यातली थोडी का दिली नाही?

माफ करा. फ्लोरिंडा, मला दिसतंय तू डोळे वटारतेस ते. येतो मुद्द्यावर.

ग्लासगोच्या एका स्टुडिओचं बोलावणं आलं. तिथे राहायचं, तिथल्या वादकांबरोबर पुढचा अल्बम करायचा, मग गावोगाव वाजवायचा. म्हणजे दोन वर्षं तरी गेली. घरात सगळे बसलो. रिदाची थोरली बहीण बादा म्हणाली, "मी येते घर सांभाळायला." ती येणार म्हणजे तिची मुलं येणार, आणि मुलं येणार म्हणजे माझी खोली जाणार, हे ओघाने आलंच. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "विचार करतो."

फ्लोरिंडा म्हणाली, "दादा, खोलीचा विचार करणार आहेस की गाण्याचा?"

मी कशाचाच विचार करत नव्हतो, मंडळी. मला नाही म्हणायचं होतं. कारणं हाताशी होती आणि सगळी सभ्य होती. चूल आहे, तिच्या आईचे गुडघे आहेत, रीत आहे. माझ्या 'नाही'ला या हॉलमधल्या कुणी नाव ठेवलं नसतं. मग काँग ऐदा तुमचं शिष्टमंडळ घेऊन आल्या, डेगभर जादोह घेऊन. म्हणाल्या, "बाह स्केम, पोरीला जाऊ द्या."

मी विचारलं, "का? कंटाळलात तिला?"

"कंटाळते कशाला? ती गेली की टपरीवर माझ्या डोळ्यांना धार लागेल."

"मग राहू दे की इथेच."

"अहो, माझी टपरी केवढीशी! तिथे किती जण ऐकणार? लोकांना मिळायला नको का ऐकायला?"

मी भात खाल्ला. उत्तम होता. आणि खाता खाता माझ्या लक्षात आलं की मला नेमकं काय डाचतंय. रिदा घरची धाकटी. तिला घराने बांधलंय, चुलीने बांधलंय, उद्या ही सगळी इमारत तिच्या डोक्यावर. आणि तिला बोलावणं आलं. मी पुरुष माणूस. मला कसली चूल आणि कसलं घर? मी कुठल्याही सकाळी गिटार उचलून कुठेही जाऊ शकत होतो, एकाही मामाला विचारावं लागलं नसतं. मला कुणीही अडवलेलं नव्हतं. मला कुणी बोलावलंच नाही. आणि मी जावं म्हणून कुणी कुणाच्या दारात भाताची डेग घेऊन उभं राहिलं नाही.

हे हसण्यावारी नेऊ शकलो असतो तर बरं झालं असतं.

काल रिदा माझ्या खोलीत आली. चहा ठेवला आणि म्हणाली, "मामा, तू नाही म्हणालास तर मी राहीन. रुसणारही नाही. पण आईचे गुडघे मध्ये आणू नकोस. खरं कारण सांग."

मी तेव्हा नुसता चहा प्यायलो. आत्ता सांगतो, कारण असा शब्द खोलीत देऊन चालत नाही, साक्षीला माणसं लागतात.

रिदा, तू राहिलीस तर पुढचा अल्बमही त्या मागच्या खोलीतच होणार. आपल्यामध्ये एक फळ्यांची भिंत. त्यातला प्रत्येक सूर मला रोज सकाळी, तोंड धुवायच्या आत, ऐकू येणार. आणि तो चांगला असणार, हे मला आत्ताच माहीत आहे. एकदा जळून झालंय. पुन्हा रोज, तेही उपाशीपोटी, मला झेपणार नाही. हे माझं कारण. मोठ्या मनाचं वगैरे काही नाही. म्हणून अध्यक्षमहोदयांच्या, पाद्रीसाहेबांच्या आणि अख्ख्या वस्तीच्या साक्षीने, मामा म्हणून सांगतो: जा. चूल बादा बघेल. तुझ्या आईला मी बघेन. खोली मुलांना दिली.

थांबा, थांबा. टाळ्या आवरा जरा. बाह दोनबोक, खाली बसा, खुर्ची मोडेल.

मला इथे उभं राहू दिल्याबद्दल अध्यक्षमहोदयांचे आभार. हॉल दिल्याबद्दल वस्तीचे, आणि मागे शिजतंय त्याबद्दल काँग ऐदांचे आणि मंडळाच्या सगळ्या बायकांचे आभार. भाषणाची मला सवय नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांचंच म्हणत आलो, स्वतःचं असं हे पहिलंच. त्यात कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाला लागेलसं बोललो असेन, तर घरचा माणूस समजून पोटात घाला.

आणि जाता जाता एकच. रिदा, 'चुलीपाशी' या जगात तुझ्यानंतर सगळ्यांत आधी मी ऐकला. तेव्हा मला त्याची किंमत नव्हती. पुढचा अल्बम आधी कोण ऐकेल? कुठल्यातरी गावातल्या कुठल्यातरी खोलीत चार अनोळखी माणसं बसलेली असतील, तू म्हणशील, "ऐकता का?", आणि ती ऐकतील. मग ते फिरत फिरत इथे येईल, आणि मी ते सगळ्यांच्या मागून ऐकेन. आजवर मी तुझ्यावर जळत होतो, पोरी. यापुढे त्या चौघांवर.