स्वच्छ खोलीची दृष्ट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, मोहल्ल्याचे वडीलधारे ओरिफजोन-ओता. व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे संचालक, थोरल्या भावासारखे हिकमतुल्ला-अका. आणि नमनगानच्या या डोळ्यांच्या औषधाच्या कारखान्यातल्या बंधुभगिनींनो,

बाहेर पुलावाची कढई उतरत आली आहे, हे माझ्याही नाकाला कळतंय. मी, गुणवत्ता विभागाचा प्रमुख कमोलिद्दीन, फार वेळ घेणार नाही.

माझ्याआधीच्या तिन्ही वक्त्यांनी सांगितलं की आपली क्लीनरूम, औषध भरायची ती बिनधुळीची खोली, अकांनी स्वतःच्या हातांनी उभारली. अकांनी त्या कामात हात घातला होता, एवढं मी शपथेवर सांगतो. तयार भिंती पेट्यांतून आल्या होत्या. प्रत्येक पॅनेलवर नंबर, नकाशात बघायचं आणि जोडत जायचं. पण पाहुणे बघायला येणार, चिकटवलेले कागद वाईट दिसतात, म्हणून अकांनी आदल्या दिवशी सगळे नंबर काढून टाकायला लावले. सत्तर पॅनेल, सगळी सारखीच पांढरी. आमच्या अभियंता मुहय्यो-ओपा पुढचे चार दिवस टेप घेऊन भिंती मोजत होत्या.

नकाशाही त्यांचाच. तो बघून अकांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल?

"पोरी, यात पाहुण्यांना चहा कुठे द्यायचा?"

"इथे चहा नाही, अका. इथे कोणी शिंकायचंसुद्धा नाही."

"मग पाहुणे आत येऊन करणार काय?"

"आत येणारच नाहीत."

अका आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पुढे कळलं की आत जायला दोन दारं आहेत आणि एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. पाहुण्याच्या तोंडावर दार बंद करणं अकांच्या घराण्यात कधी झालेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दाराला वीट लावलेली दिसली. मुहय्यो-ओपांनी ती उचलली आणि अकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. हसू नका, वीट खरंच जड होती.

तरीही खोली उभी राहिली, आणि सुरेख झाली. सगळा गाव कौतुक करायला लागला, आणि तिथेच अकांना धास्ती बसली. एवढं कौतुक झाल्यावर दृष्ट लागणार नाही तर काय होणार? ताश्कंदहून तपासणीची मंडळी यायची होती, त्या सकाळी अकांनी तव्यात निखारे घातले, वर दृष्ट काढायच्या धुरीचा मूठभर इसिरीक पाला टाकला आणि हुकूम सोडला, "चारही कोपऱ्यांत फिरवून आण. छतालाही दाखव." छताला म्हणजे कुठे, तर जिथून गाळलेली हवा खाली येते तिथे.

मंडळी आली. हवेतले कण मोजायचं यंत्र त्यांनी सुरू केलं. त्यातल्या म्हाताऱ्या तपासनीसाने दोनदा बंद करून पुन्हा लावलं, मग मला हळूच विचारलं, "भाऊ, इथे कबाब भाजता का?"

खोली नापास झाली. संध्याकाळपर्यंत अहवाल तयार होता: पॅनेलचे सांधे सदोष, जबाबदारी मुहय्यो रहीमोवा यांची. त्यांना घरी पाठवलं. पंधरा दिवसांनी आम्ही नुसते फिल्टर बदलले. त्याच भिंती, तेच सांधे, आणि खोली पास. अकांना पदक मिळालं. आज ते छातीवर आहे, शोभून दिसतंय.

आता तुम्ही विचाराल, हा तवा फिरवला कोणी? मी फिरवला. गुणवत्ता विभागाच्या प्रमुखाने, डोक्यावर टोपी, पायात मोजे, सगळे नियम पाळून. आणि त्या अहवालावर सहीसुद्धा मीच केली. अका, तुमची थट्टा करताना मला माझी लाज वाटते, हे सगळ्यांसमोर सांगतो.

मुहय्यो-ओपा गेली सहा वर्षं शाळेत मुलांना भूमिती शिकवतात. फरगानाचा एक कारखाना त्यांना क्लीनरूमच्या कामावर घ्यायला तयार आहे. फक्त आपल्या दप्तरातला तो डाग त्यांच्या आड येतो. दुरुस्त अहवाल मी काल लिहिला. त्यात धूर आहे, तवा आहे, माझं नाव आहे, आणि खाली माझी सही आहे. दुसरी सही संचालकांची लागते. नवे संचालक उद्या येतील आणि म्हणतील, मला यातलं काय माहीत? तेही खोटं नसेल.

रिवाजाप्रमाणे आता ओरिफजोन-ओता अकांच्या अंगावर मानाचा चोपोन घालतील. त्याच्या बाह्या लांब असतात, हात आत गेला की लवकर बाहेर येत नाही. म्हणून अध्यक्षांना विनंती, चोपोन दोन मिनिटं थांबू द्यावा. अका, आज सहा वाजेपर्यंत आपणच संचालक आहात, आणि आता पाचला दहा कमी आहेत. कागद हा इथे ठेवला. हे पेन.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. सहा वर्षं गप्प बसलो, त्याची माफी मात्र तुमच्याकडे मागत नाही. ज्यांच्याकडे मागायची त्या मागच्या रांगेत, दाराजवळ बसल्या आहेत.