बाटलीवरचं नाव

सचिव : थांबलात का, बाई? ‘आपल्या दोन रसायनशास्त्र संस्थांमधलं सहकार्य साऱ्या जगाला आदर्श ठरेल.’ घ्या पुढं.

बाई : भाषणातलं हे वाक्य मी टाइप करणार नाही, सर.

सचिव : उद्या पलीकडच्या देशाचे पाहुणे येताहेत, करारावर सह्या व्हायच्यात, आणि तुम्हाला आजच रुसायला सुचलं?

बाई : कराराची फाइल लावताना त्यांच्या संस्थेचं जुनं पत्र सापडलं. ‘आयसोप्रोपिल ईथरची बाटली जुनी झाली की झाकणाभोवती खडे धरतात. झाकण फिरवू नका, स्फोट होतो. सगळ्या प्रयोगशाळांना ताबडतोब कळवा.’ आमच्या ह्यांच्या हातात बाटली फुटून हे गेले, त्याच्या अकरा आठवडे आधीचं पत्र आहे.

सचिव : ती फाइल इकडे द्या.

बाई : देते की. आधी सांगा, कळवलं का नाही?

सचिव : त्यांनी त्या रसायनाचं जुनं नाव लिहिलं होतं हो. दोन्ही संस्थांनी नवीच नावं वापरायची, असं ठरलं होतं. आमच्या नाव-समितीनं हरकत घेतली, पत्र परत गेलं. त्यांनी उलट लिहिलं, तुमचं नवं नावही चुकलंय. मग जो काथ्याकूट सुरू झाला...

बाई : अकरा आठवडे?

सचिव : दुसरं काय, मानापमान! कुणी माघार घेईना. मीही नाही घेतली.

बाई : आणि ह्यांच्या बाटलीवर कुठलं नाव होतं?

सचिव : जुनंच.

बाई : चौदा वर्षं ह्यांनी त्या बाटल्या पुसल्या, मांडल्या. तुमचं नवं नाव ह्यांच्या कानावरही नव्हतं. ते जुन्या नावाचं पत्र तसंच्या तसं भिंतीला डकवलं असतंत, तरी ह्यांनी हात मागं घेतला असता.

सचिव : ठाऊक आहे मला. ते गेल्यावर तुमच्या घरी भेटायला आलो तेव्हा सांगणारच होतो. समोर तुमच्या सासूबाई बसलेल्या. जीभ रेटली नाही.

बाई : चहा घेऊन गेलात.

सचिव : बाई, उद्या हे बोललो तर करार मोडेल. ते आपल्यावर ढकलतील, आपण त्यांच्यावर. पुन्हा असा इशारा कधी यायचा नाही.

बाई : आलेला तरी कुठं पोचला?

(सचिव टाइपरायटरमधला भाषणाचा कागद ओढून काढतात.)

सचिव : नवा कागद लावा. घ्या. ‘इशारा वेळेत आला होता. आम्ही नावावरून भांडत बसलो. त्यात आमच्या प्रयोगशाळेतला एक माणूस गेला.’ खाली माझं नाव. मी सही करतो.

बाई : आणि डाव्या कोपऱ्यात टाइप करणारीची आद्याक्षरं घालते.

सचिव : भाषणाला कशाला ती?

बाई : नुसतं नावाबद्दलचं म्हणून तुमचं हरकतीचं पत्र मीच टाइप केलं होतं, सर. त्यावर आहेत माझी.